बॅटरी काढल्यावर

"मोठीच बॅटरी घ्या साहेब, गाणं दणकून वाजेल," मेकॅनिक म्हणाला. मी आणि बायकोने खुशीत होकार दिला. गाडी सासऱ्यांची, ते गेल्यावर आमच्याकडे आलेली.

गाणं बंद करायचं मी विसरलो होतो. मेकॅनिकने जुनी बॅटरी उचलून बाकावर ठेवली, तरी गाणं चालूच राहिलं.

"एखादी वायर अडकलीय का?" मी विचारलं.

त्याने दोन्ही सुट्या वायरी वर धरून दाखवल्या. नवी बॅटरी अजून खोक्यातच होती.

बायको मात्र मजेत ताल धरून उभी होती. तेवढ्यात रिकाम्या गाडीत आवाजाचं बटण आपसूक फिरलं आणि गाणं हळू झालं. सासऱ्यांना मोठा आवाज खपत नसे.

"राहू द्या ना बाबा," बायको सवयीने बोलून गेली.

बटण पुन्हा उलटं फिरलं.