ताक प्यालेल्या कुंड्या

लग्नाला आठवडा झाला होता. सासरी काहीतरी करून दाखवावं म्हणून केतकीनं अंगणातल्या सगळ्या मातीच्या कुंड्या तारेच्या घासणीनं घासून लख्ख केल्या.

सासरे चहा घेऊन बाहेर आले आणि मटकन पायरीवरच बसले.

“बारा वर्षं उन्हापावसात ठेवून, उरलंसुरलं ताक फासून हिरवं शेवाळ धरलं होतं त्यांच्यावर,” ते म्हणाले. “आता कशा, कालच बाजारातून आणल्यासारख्या दिसतायत.”

“बाबा, मला वाटलं मळ आहे,” केतकी कशीबशी म्हणाली. आता हे जन्मभर ऐकावं लागणार, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

सासरे उठून आत गेले आणि ताकाचं पातेलं अन् दोन ब्रश घेऊन आले.

“तू त्या टोकापासून लाग. बारा वर्षं लागतील. घाई नाही ना तुला?”

“नाही, बाबा,” म्हणत केतकीनं ब्रश ताकात बुडवला.