मायाक्काचा पाळणा

"हा तयार हाय की! चार कोपऱ्यांना चार पोपट. उचल आणि बिरोबाला बांध जा."

चनमल्लप्पा सुतारानं वीतभर लांबीचा लाकडी पाळणा मायाक्काच्या पुढ्यात ठेवला. तिनं त्याला हातसुद्धा लावला नाही.

"लई देखना हाय, अप्पा. पर लेकीच्या पोटी मूल दे, माज्या हातानं पाळणा कोरून बांधीन, असं बोललीया मी देवाला. तुमच्या हातानं न्हाय बोलली."

"कधी कोरलंयस?"

"न्हाय की."

"मग बोलताना जरा मागंपुढं बघायचं होतंस, अव्वा!"

करवत ओढणारे दोघं खदखदून हसले. तुळजापूर वेशीतल्या त्या छपराबाहेर, लिंबाखाली, मायाक्काची लेक गोजाबाई बसली होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं तिचं मूल घोंगडीच्या झोळीत झोपलं होतं. पुनवेला आठ दिवस होते. पुनव झाली की मेंढरं चारणीला लांब निघणार. मग पाळणा राहिला तो राहिलाच. मायाक्काही हसली, पण जागची हलली नाही.

"बरं," चनमल्लप्पा म्हणाला. "तो ढीग, ही हत्यारं. तुझं तू निवड."

ढिगात गिरणीच्या साहेबाच्या खुर्च्यांतून उरलेलं सागवान होतं, लिंब होता, बाभूळ होती, शिवण होती. मायाक्का सरळ बाभळीकडे गेली. धनगराच्या घरी दुसरं लाकूड माहीत कुणाला? मेंढरं कोंडायच्या जाळीच्या मेखा बाभळीच्या, कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा, शेळ्यांच्या तोंडातल्या शेंगाही बाभळीच्याच. हत्यारांतली सगळ्यांत मोठी पटाशी तिनं उचलली. मूठ भरली पाहिजे ना!

चनमल्लप्पानं ठोकायची लाकडी मोगरी तिच्या हातात दिली आणि सुपारी कातरत बसला.

ठण्ण! पटाशी उडून धुळीत पडली. बाभळीवर नखाएवढा ओरखडा.

"काय म्हणतंय लाकूड?"

"दुसरीकडं जा म्हनतंय," मायाक्का म्हणाली आणि पदर खोचून पुन्हा ढिगाकडे वळली.

आता मात्र ती बाजारात मेंढी बघावी तशी बघू लागली. एकेक तुकडा उचलायचा, वजन घ्यायचं, थापटायचं, वास घ्यायचा, नख रुतवायचं.

"दात बी बघ की, मावशे!" करवतवाल्यांतला एक ओरडला.

"तुजं बघितलं की रं. दोन पडल्यात."

शिवणीच्या फिकट पिवळ्या तुकड्यावर नख जरासं रुतलं. तिनं तो छातीशी धरला. "ही. ही गरीब हाय, लाथ मारायची न्हाय."

मोठी पटाशी तिनं ठेवून दिली. मागच्या रांगेतली एक बारीक कोरणी उचलली. तिच्या मुठीला अंगठ्याचा खळगा पडला होता. "माज्या बाची कातर अशीच झिजली हुती."

"ती ठेव," चनमल्लप्पा झटकन म्हणाला. "ती माझ्या बापाची."

तिनं ती कपाळाला लावून जागेवर ठेवली आणि शेजारची घेतली.

पहिल्या घावाला शिवणीचं कुसळ निघालं. दुसऱ्यालाही तसंच. चनमल्लप्पानं सांगायला तोंड उघडलं, तोवर मायाक्कानं लाकडावरून तळवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि तुकडा उलटा फिरवून धरला.

"उलटी लोकर कातरली की मेंढरू बी वरडतंय," ती स्वतःशीच पुटपुटली.

या वेळी कोरणी सरकली आणि लाकडातून पांढरट, लांबलचक, गुंडाळत जाणारी साल सुटली. चनमल्लप्पानं ती उचलून उजेडात धरली. मग उठला, बापाची कोरणी काढली आणि तिच्या हातात दिली.

"पुनवेपर्यंत. रोज सकाळी यायचं. उशीर चालायचा नाही."

संध्याकाळचा गिरणीचा भोंगा झाला तेव्हा मायाक्काच्या हातात पहिला पोपट होता. चोच होती, मान होती. गोजाबाई पोराला घेऊन आत आली, वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आये, ह्यो पोपट हाय व्हय?"

चनमल्लप्पानं हातात घेतला आणि त्याला हसू आवरेना. "अव्वा! पोपटाला कान कुठनं आले?"

मायाक्कानं निरखून पाहिलं. खरंच, कोकराचे असतात तसे दोन कान. तिच्या बोटांना दुसरं डोकं ठाऊकच नव्हतं. करवत थांबली. सगळं छप्पर हसत होतं.

"आण इकडं. दोन घावांचं काम, उडवून टाकतो."

मायाक्कानं पोपटावर तळवा झाकला.

"ऱ्हाऊ द्या, अप्पा. नऊ वर्सं देवाला हाका मारल्यात मी. ऐकाया कान लागत्यात की."

नातू तिच्या बोटाला चिकटलेला लाकडाचा भुसा ओढत होता. ती त्याच्याकडे बघून हसत उठली आणि ती तिघं वेशीबाहेर गेली.

चनमल्लप्पा हत्यारं आवरायला बसला. समोर त्याचा तयार पाळणा होता, चार कोपऱ्यांना चार पोपट. एका पोपटाच्या गुळगुळीत डोक्यावरून त्यानं अंगठा फिरवला, आणि कितीतरी वेळ तो तसाच फिरवत राहिला.