अजून चाक उतरलं नाही

या, जरा जवळ सरकून बसा. राजेश्वर गावच्या देवळात आज कीर्तन मधेच का थांबलं, ते सांगतो.

आमचे टाळकरी बसवंतप्पा तरुणपणी हवाई दलाच्या जुन्या, दोन इंजिनांच्या विमानावर मेकॅनिक होते. एका दुपारी बिदरला उतरताना डावं इंजिन बंद पडलं. चाकं खाली करणारा तेलाचा पंप त्याच इंजिनावर चालायचा. मग जोडीदार नरहरराव हातानं पंपाचा दांडा मारू लागले, दर फटक्याला "विठ्ठल" म्हणत. बसवंतप्पा खिडकीतून चाक बघत होते. धुळीत नीट दिसलं नाही, तरी ते ओरडले, "उतरलं!"

नरहररावांनी दांडा सोडला. चाक अर्ध्यावरच होतं. विमान जमिनीवर आपटलं; बसवंतप्पा तेवढे वाचले.

तेव्हापासून कीर्तनात टाळ थांबले की गाभाऱ्यामागून दांड्याचा आवाज येतो. खटक, खटक. आम्ही सगळेच ऐकतो. बसवंतप्पा हळूच म्हणतात, "अजून न्हाई, नरहरराव. मारा."

आज ते तापानं फणफणले होते. बायको निलम्माला राहवलं नाही.

"किती राबवायलाव त्या बिचाऱ्याला? सोडा की आता!"

"तू गप बस, निलम्मा."

ती गाभाऱ्याकडं वळली. "नरहरअण्णा, उतरलं बघा चाक. थांबा आता."

आवाज थांबला.

बसवंतप्पांच्या हातातले टाळ गळून पडले. तेव्हापासून देवळावर एकाच इंजिनाची घरघर खाली खाली यायलीय, आणि चाक अजून अर्ध्यावरच आहे.

तुम्हालाही ऐकू येतेय ना? मग हात जोडा, आणि नरहररावांची आठवण काढा.