सगळे दिवे लागलेत

डॉक्टरांच्या संगणकावर मालनच्या तपासणीचं चित्र उमटलं. अंगभर हिरवे ठिपके चमकत होते. तिचा नवरा हरखून गेला. उभा जन्म त्यानं मांडवांना लायटिंग केलेली. माळेतला एक दिवा विझला तरी त्याला जेवण जायचं नाही.

"औषध पार पायापर्यंत पोचलं की गं. मागल्या खेपेला एकच ठिपका होता."

मागल्या खेपेला डॉक्टर मालनला समजावत होते तेव्हा तो चहा आणायला गेला होता. औषधाचे बारीक कण कॅन्सरच्या गाठीवर जाऊन बसतात आणि तिथंच उजळतात. मग लेझर लावला की त्याच कणांनी गाठ जळते. एक गाठ जाळता येते. अख्खी मालन कशी जाळणार?

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, जरा बसा."

"बसतो की. आधी फोटो घेऊ द्या, गल्लीत दाखवायचाय."

डॉक्टर बोलणार, तोच मालननं 'नको' म्हणून मान हलवली. सगळे ठिपके फोटोत मावावेत म्हणून नवरा हात मागंपुढं करत होता. तिनं तो मोबाइलसकट धरून स्थिर केला.

"घ्या नीट," ती म्हणाली. "एकही दिवा सुटू देऊ नका."