काचेची किडनी

भावाने दालनात पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला.

छताच्या आकड्यांना काचेच्या बरगड्या टांगलेल्या. स्टीलच्या ट्रेमध्ये काचेची आतडी, गुलाबी, आत्ताच काढल्यासारखी ओली दिसणारी. भिंतीलगत काचेच्याच मांसाचे तुकडे, चरबीच्या पांढऱ्या रेघांसकट. आणि मधोमध, एका उंच ओट्यावर एकटीच, मुठीएवढी गडद लाल किडनी.

"मॅडम, कलेजीवर पिवळा मारू की पांढरा?" दिवेवाल्याने शिडीवरून विचारलं.

"पांढरा. शंभरदा सांगितलंय," बहीण वर न बघताच म्हणाली. ती किडनीवरचे बोटांचे ठसे पुसत होती.

"ताई, हद्द झाली हं आता," भाऊ म्हणाला. "प्रदर्शनाच्या कार्डावर या किडनीचाच फोटो? सकाळपासून फोन थांबत नाहीयेत. आत्या म्हणते, बहिणीने तुला किडनी दिली ती दिली, वर तिची मूर्तीही घडवली. धन्य आहे म्हणे!"

"आत्याला काय, दगड दिसला तरी हात जोडते."

"चेष्टा पुरे. घरात नुसतं शिंकलो तरी आई म्हणते, ताईची किडनी सांभाळ. मिठाला हात लावला की ताईची किडनी. जिना भरभर चढलो की ताईची किडनी. मानतो ना मी उपकार! किती वेळा मानू? आता ही चारचौघांत माझ्या डोक्यावर मांडून ठेवलीस."

बहिणीने फडकं ओट्यावर आपटलं. आकड्यांवरच्या बरगड्या किणकिणल्या. दिवेवाल्याने श्वास रोखून शिडी घट्ट धरली.

"तुझ्या डोक्यावर? तुझा हिच्याशी संबंधच काय?"

"म्हणजे? ही..."

"ही तुझ्याकडची नाही रे बाबा! ही माझ्याकडची. उरलेली."

भावाने वाकून ओट्यावरच्या किडनीकडे पाहिलं.

"तुझ्याकडच्या किडनीची चौकशी रोज होते," ती म्हणाली. "आई मला फोन करते तोही तिच्यासाठीच. त्याला भेटलीस का, चेहरा कसा दिसतो, जेवतो का नीट. बिचारी ही! दोघींचं काम एकटी ओढतेय. हिला आजवर कुणी विचारलंय?"

तिने फडकं उचललं आणि पुन्हा पुसायला लागली. ठसे केव्हाच गेले होते.

भाऊ बाहेर निघून गेला.

"रागावले वाटतं," दिवेवाला हळूच म्हणाला.

"तुम्ही दिवे बघा."

थोड्या वेळाने भाऊ परत आला. हातात पाण्याची बाटली होती. झाकण काढून त्याने ती तिच्यापुढे धरली.

"काय हे?"

"दिवसभर काच वितळवत त्या भट्टीसमोर उभी असतेस. पाणी पितेस का?"

"अरे, इथे कामं पडलीयेत ढीगभर..."

"पडू देत. पी आधी. सगळं." आवाज अजून वैतागलेलाच होता.

तिने बाटली तोंडाला लावली. तो तिच्या गळ्याकडे बघत समोर उभा राहिला, एकेक घोट खाली उतरेपर्यंत.