सावरीची गादी

“फोमची चांगली गादी आणा, नाहीतर पडून पडून पाठीला जखमा होतील,” असं डॉक्टरांनी बजावलं. दुकानात किंमत ऐकून दस्तगीरभाई पिंजारी आल्या पावली परतले. स्वस्तातला फोम बोटाने दाबला, तर तळाला टेकत होता. मग त्यांनी घरीच दाभण काढला. उभी हयात गावाच्या गाद्या भरण्यात गेली; बायकोसाठी एक भरता येणार नव्हती होय?

सावरीचा कापूस आणून त्यातली बी न् बी वेचली, हाताने मऊसूत मोकळा केला. टाके मात्र हात सवयीने घालत गेला: वीतभर अंतरावर, घट्ट गाठ मारून. दस्तगीरभाईंच्या गादीतला कापूस वीस वर्षं गोळा होत नाही, अशी ख्यातीच होती.

कंबर मोडून पडलेली जैतूनबी रोज म्हणायची, “फुलांवर निजल्यागत वाटतंय.”

नवव्या दिवशी अंग पुसायला त्यांनी तिला कुशीवर वळवलं. पाठीवर लालभडक जखमा होत्या, वीत-वीतभर अंतरावर, अगदी ओळीत. जिथे गाठ, तिथे जखम.

“अगं, बोलली का नाहीस?”

“चाळीस वर्षं चटईवर काढली,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “पहिल्यांदा माझ्यासाठी गादी भरलीत. नावं कशी ठेवू?”

दस्तगीरभाईंनी पातं घेतलं आणि ते टाके उसवायला बसले.

“सगळे नका हो काढू,” जैतूनबी कळवळून म्हणाली. “गादी गोळा होईल.”