नावाआधीचं अक्षर

गंगाघाटाजवळच्या त्या जुन्या कलादालनात रोहिणी आज लेकीला सगळं खरं सांगायचं ठरवूनच आली होती. तिचा नवरा सोमनाथ जाऊन चार महिने झाले होते, आणि बाबा चित्रं काढायला लांब गेलेत, असंच वेदिका अजून धरून बसली होती. त्याच्या चित्रासमोर उभं राहिलं की निदान सुरुवात तरी सुचेल, असं रोहिणीला वाटलं होतं.

वेदिका नुकतीच वाचायला शिकलेली; रस्त्यावरची एक पाटी सोडायची नाही. इथेही चित्रांखालची नावं मोठ्यानं वाचत ती पुढे पळाली. "श्री. नवनाथ... श्री. अमोल... सौ. उज्ज्वला..." घाटाच्या चित्रापाशी मात्र ती थबकली.

"आई, लवकर ये! बाबांना कै. मिळालंय!"

"काय मिळालंय?"

"हे बघ ना. कै. सोमनाथ आहेर. बाकी सगळे नुसते श्री. आणि सौ. अख्ख्या हॉलमध्ये आपल्या बाबांनाच कै.! पहिला नंबर आला असणार."

रोहिणी घाईनं तिच्यापाशी आली. "तसं नसतं गं, पिल्लू..."

"तसंच असतं! आता मीपण रोज चित्रं काढणार. मग मलापण कै. मि..."

वाक्य पुरं व्हायच्या आत रोहिणीचा हात तिच्या तोंडावर गेला. आईनं असं कधीच केलं नव्हतं. हाताच्या वर दोन भेदरलेले डोळे कारण विचारत होते, आणि आता ते सांगावंच लागणार होतं.